एक कॉलसाइन, चार गावं आणि मधेच फाटणारा लॉग

जुलैचा दुसरा पूर्ण शनिवार-रविवार म्हणजे आयएआरयूची (हौशी रेडिओ संस्थांच्या जागतिक संघटनेची) एचएफ, म्हणजे लघुलहरींवरची, स्पर्धा. १२०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, आणि पुढचे २४ तास. या स्पर्धेत राष्ट्रीय संस्थेच्या मुख्यालयाचं स्टेशन एकाच कॉलसाइनवर (स्टेशनच्या ओळख-संकेतावर) अनेक ठिकाणांहून चालवता येतं. सगळे ट्रान्समीटर एकाच आयटीयू झोनमध्ये (जगाच्या क्रमांक दिलेल्या विभागांपैकी एकात) हवेत आणि प्रत्येक बँड-मोडवर एका वेळी एकच सिग्नल हवा. बँड म्हणजे लहरींचा पट्टा, मोड म्हणजे सीडब्ल्यू (मोर्स) किंवा फोन (आवाज). आपण ४१ मध्ये, त्यामुळे पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि मुंबई अशी विभागणी सहज बसते. अडचण रेडिओची नसते, लॉगची, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीची, असते.

दरवेळी दिसणारी लक्षणं साधारण हीच. पहिला दीड-दोन तास सगळं छान चालतं. मग नाशिकच्या नोंदी पुण्याला दिसेनाशा होतात, पण कोल्हापूरला दिसत राहतात. मुंबईला एखादं स्टेशन नवं म्हणून दिसतं आणि घेतल्यावर समोरचा ‘डुप’, म्हणजे आधीच झालेला संपर्क, म्हणून सांगतो. मध्यरात्री कोणीतरी घाबरून एडीआयएफ फाइल (नोंदी एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) मागवतो आणि चालू लॉगमध्ये आयात करतो. रविवारी संध्याकाळी काही क्यूएसओ, म्हणजे संपर्क, दोनदा असतात, काही एकदाही नसतात, आणि कोणता आकडा खरा हे कोणालाच ठरवता येत नाही.

खाली लिहिलेलं सगळं एनवनएमएम लॉगर प्लस हा स्पर्धेचा लॉग ठेवणारा प्रोग्राम धरून आहे, कारण आपल्याकडे बहुतेक क्लब तेच वापरतात. दुसरा प्रोग्राम असेल तर मेनू वेगळे असतील, कारणं हीच असतील.

जोड तुटली की पहिल्यांदा काय करायचं नाही

या प्रोग्राममध्ये एक मध्यवर्ती लॉग आणि बाकीच्या नुसत्या खिडक्या अशी रचना नाही. प्रत्येक संगणकावर स्वतःची पूर्ण डेटाबेस फाइल असते आणि नोंद झाली की ती इतरांना पाठवली जाते. म्हणजे नेटवर्क गेलं तरी नाशिकच्या ऑपरेटरने घेतलेले क्यूएसओ नाशिकच्या लॅपटॉपवर शाबूत आहेत. त्याला फक्त दुसऱ्यांच्या नोंदी दिसत नाहीत. त्याने थांबायचं कारण नाही. प्रत्येक ठिकाणाला आपापला बँड-मोड दिलेला असेल तर डुप ओळखायलाही त्याला इतरांच्या नोंदी लागत नाहीत, कारण इथे एकच स्टेशन प्रत्येक बँडवर प्रत्येक मोडमध्ये एकदा घेता येतं. इतरांचा लॉग खरा लागतो तो मल्टिप्लायरसाठी, म्हणजे ज्या झोन आणि मुख्यालयांच्या संख्येने गुण गुणले जातात त्यांच्यासाठी. ते बँडवार मोजतात, मोडवार नाही, म्हणून २० मीटर सीडब्ल्यूवर मिळालेला झोन २० मीटर फोनवर पुन्हा मोजला जात नाही.

म्हणून चालू लॉगमध्ये काहीही आयात करू नका. प्रत्येक नोंदीला प्रोग्राम एक वेगळी अंतर्गत ओळख देतो आणि रीसिंक करताना (लॉग पुन्हा एकमेकांशी जुळवताना) त्या ओळखीवरून ‘ही माझ्याकडे आहे का’ हे बघतो. एडीआयएफमधून आत घेतलेल्या नोंदीची तीच ओळख टिकेल असं गृहीत धरता येत नाही. मग जोड परत आली की तोच क्यूएसओ दुसऱ्यांदा येतो, तिथून बाकीच्या तिघांकडे जातो, आणि आता चार ठिकाणी साफसफाई करायची. नेटवर्क तुटल्याने झालेलं नुकसान जवळजवळ नेहमी भरून काढता येतं. घाईने केलेल्या आयातीचं निस्तरायला अख्खा आठवडा जातो.

कोणाची कोणाशी जोड आहे

चार संगणक म्हणजे सहा जोड्या, कारण प्रत्येक संगणक प्रत्येकाशी थेट बोलतो. मास्टर म्हणून नेमलेल्या संगणकाचं (इथे पुण्याच्या) काम मुख्यतः क्लस्टरचे स्पॉट (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या इंटरनेटवरच्या सूचना) वाटणं, अनुक्रमांक असलेल्या स्पर्धेत ते देणं आणि रीसिंकला आधार असणं. त्यामुळे ‘पुण्याला सगळे दिसतात’ एवढ्यावर समाधान मानू नका. चौघांनीही आपापली नेटवर्क स्टेटसची खिडकी उघडून उरलेले तिघं दिसतात का हे ग्रुपवर लिहायचं. एक जोडी तुटलेली असेल तर ती नेमकी कोणती हे दोन मिनिटांत कळतं. नुसतं ‘लॉग चालत नाहीये’ असं लिहिलं तर रात्र जाते.

एकच ठिकाण कोणालाच दिसत नसेल तर दोष त्या ठिकाणी आहे. दोन ठिकाणं फक्त एकमेकांना दिसत नसतील तर पत्ता किंवा फायरवॉल बघा. सगळेच सगळ्यांना दिसेनासे झाले तर व्हीपीएन (इंटरनेटवरून चौघांना जोडणारं खाजगी आभासी नेटवर्क) गेलं आहे किंवा कोणीतरी प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली आहे. आवृत्ती सगळीकडे एकच हवी. गुरुवारी रात्री जी आहे ती कायम, त्यानंतर अपडेटच्या प्रश्नाला ‘नाही’.

पत्ता, पोर्ट आणि फायरवॉल

घरच्या राउटरवर पोर्ट उघडून हे जमवायचा प्रयत्न बहुतेक वेळा फुकट जातो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि तुम्ही उघडलेल्या पोर्टपर्यंत बाहेरून कोणी पोचणारच नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर तर जवळजवळ नेहमीच असं. व्हीपीएन घ्या. झीरोटियर आणि टेलस्केल दोन्ही चालतात, पण दोघांत एक फरक आहे आणि तोच न कळल्याने सर्वात जास्त वेळ वाया जातो. झीरोटियर सगळ्यांना एकाच स्विचवर बसवल्यासारखं वागतं, ब्रॉडकास्ट (सगळ्या संगणकांना एकदम पाठवलेला संदेश) पलीकडे जातो आणि संगणक एकमेकांना आपोआप शोधतात. टेलस्केलमध्ये ब्रॉडकास्ट जात नाही. तिथे नेटवर्क स्टेटसच्या खिडकीत राइट क्लिक करून संगणकांची नावं आणि आयपी पत्ते हाताने भरायचा पर्याय आहे, तो वापरायचा. चारही संगणकांवर चौघांची पूर्ण यादी हवी. अर्धवट यादी असली की वरची ‘एकच जोडी तुटली’ ही तक्रार येते.

झीरोटियर वापरतानाही पत्ते हाताने भरून ठेवा. एका लॅपटॉपला वायफाय, केबल आणि व्हीपीएन असे तीन पत्ते असतात. प्रोग्रामने त्यातला घरचा १९२.१६८ वाला उचलला तर तो दुसऱ्या गावाला काय उपयोगाचा? स्टेटसच्या खिडकीत स्वतःच्या नावापुढे कोणता पत्ता आहे हे एकदा डोळ्यांनी बघा. व्हीपीएनसाठी १० ने सुरू होणारी मालिका घेतली की घरच्या राउटरच्या पत्त्यांशी गोंधळ होत नाही.

आता फायरवॉल. प्रोग्राम टीसीपी आणि यूडीपी दोन्हीसाठी १२०७० हे पोर्ट वापरतो. पहिल्यांदा चालवताना विंडोज परवानगी विचारतं आणि आपण फक्त ‘खाजगी नेटवर्क’ वर टिक करून पुढे जातो. पण व्हीपीएनचं आभासी कार्ड विंडोज पुष्कळदा ‘सार्वजनिक’ नेटवर्क समजतं. त्यामुळे घरातले दोन लॅपटॉप एकमेकांना दिसतात आणि बाहेरगावचा दिसत नाही. फायरवॉलच्या यादीत एनवनएमएमच्या नावापुढे दोन्ही खुणा करा, किंवा त्या कार्डाला खाजगी करा.

पिंग लागत नाही म्हणून जोड नाही असं ठरवू नका, कारण विंडोज पिंगला अनेकदा उत्तरच देत नाही. पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा समोरच्याचा व्हीपीएन पत्ता आणि पोर्ट १२०७० देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे. मात्र त्या वेळी समोर एनवनएमएम चालू आणि त्यातलं नेटवर्किंग सुरू हवं, नाहीतर रस्ता मोकळा असूनही ‘फॉल्स’ येईल.

नावं आणि स्पर्धेची नोंद

दोन लॅपटॉपचं नाव एकच असेल तर प्रोग्रामला ते एकच वाटतात. एकाच ऑफिसातून आलेल्या किंवा एकाच प्रतीवरून तयार केलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये हे हमखास सापडतं. नाव इंग्रजी अक्षरांत, १५ अक्षरांच्या आत, मोकळी जागा न सोडता द्या, आणि त्यात गाव, बँड आणि मोड येऊ द्या. हे नाव प्रत्येक नोंदीसोबत साठवलं जातं. शेवटी जुळणी करताना तेच तुम्हाला वाचवतं.

प्रत्येकाने नवी, रिकामी डेटाबेस फाइल घ्यायची. मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये नवी स्पर्धा उघडली तर चालतं, पण अनुभव असा की कोणीतरी एकजण मागच्या वर्षीचीच स्पर्धा उघडून बसतो. स्पर्धेचा प्रकार आणि सुरुवातीची तारीख चौघांकडे अक्षरशः तीच हवी. पाठवायच्या एक्स्चेंजचा (प्रत्येक संपर्कात सांगायच्या माहितीचा) रकाना वेगळा तपासा. मुख्यालयाचं स्टेशन झोन देत नाही, संस्थेचं संक्षिप्त नाव देतं, म्हणजे आपल्याकडे एआरएसआय (अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया). सवयीने एकाने तिथे ४१ लिहिलं तर त्या संगणकाच्या सगळ्या नोंदींत चुकीचा एक्स्चेंज जातो, आणि लॉग आला-गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पडद्यावर आपण समोरून आलेलंच बघत असतो.

ऑपरेटर बदलला की कंट्रोल-ओ दाबून नव्याचं स्वतःचं कॉलसाइन घाला. पहाटे तीनच्या पाळीला हे विसरलं जातं, म्हणून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली बरी.

घड्याळ आणि साडेपाच तास

लॉग यूटीसीत असतो. प्रोग्राम विंडोजच्या वेळेतून टाइमझोन वजा करून तो काढतो. घड्याळ बरोबर दिसतं, पण टाइमझोन भारताचा नाही, अशा संगणकावर सगळ्या नोंदी पुढे-मागे होतात. टाइमझोन यूटीसी आणि घड्याळ हाताने भारतीय वेळेला लावलेलं असेल तर फरक नेमका साडेपाच तासांचा. सुरुवातीच्या अर्धा तास आधी चौघांनी एकदम प्रोग्रामच्या खिडकीतली यूटीसी वेळ ग्रुपवर टाका, टाइमझोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ आहे हे बघा, आणि तारीख-वेळेच्या सेटिंगमधलं ‘आत्ता सिंक करा’ दाबा. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख अजून शनिवारचीच असते. ती ‘चुकली’ म्हणून कोणी बदलू नये.

चूक मधेच सापडली तर घड्याळ नीट करा, ज्या यूटीसीला केलं ती वेळ कागदावर लिहा, आधीच्या नोंदी तशाच राहू द्या. त्या नंतर एकगठ्ठा सरकवता येतात. अशा संगणकाला थोड्या वेळापुरतं रीसिंक पुरत नाही, कारण चुकीच्या वेळेच्या नोंदी त्या कालखंडात बसत नाहीत. सुरुवातीपासूनचं पूर्ण रीसिंक द्या.

पीटीटी दाबला की नेट जातं

पीटीटी म्हणजे ट्रान्समिट करायची कळ. हा दोष ओळखायला सोपा आणि तरी सर्वात उशिरा ओळखला जातो, कारण सगळे प्रोग्रामकडे बघत बसतात. ४० मीटरला शंभर वॉट सोडले की राउटरचा दिवा एकदा मिटतो, जोड जाते, दहा-वीस सेकंदांनी येते. पुढचा सीक्यू (सगळ्यांना हाक), पुन्हा तेच. अँटेना काढून डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावा आणि तेवढ्याच शक्तीने ट्रान्समिट करा. जोड टिकली तर अँटेनाचं आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) केबलवाटे आत शिरतंय. डमी लोडवरही जात असेल तर ग्राउंड, पॉवर सप्लाय किंवा रिगच्या (रेडिओ संचाच्या) यूएसबी केबलकडे बघा.

उपाय फेराइटचा (केबलवर बसवायच्या चुंबकीय कड्याचा) आहे, पण कोणत्याही फेराइटचा नाही. यूएसबी केबलवर येतो तो छोटा काळा गोळा १६० ते ४० मीटरला जवळपास काहीच करत नाही. ३१ मिश्रणाचा (हा फेराइटच्या प्रकाराचा क्रमांक), २.४ इंच बाहेरच्या व्यासाचा कोर घ्या आणि राउटरला जाणाऱ्या नेटवर्क केबलचे ८ ते १० वेढे त्यातून घ्या. केबल पातळ, गोल घेतली तर बसते, चपटी घेऊ नका. राउटरच्या अडॅप्टरच्या तारेलाही तसाच दुसरा कोर. वरच्या बँडना, २० ते १० मीटरला, ४३ मिश्रणही चालतं. वेढे मोजताना केबल भोकातून जितक्यांदा जाते तितके वेढे. लॅपटॉप वायफायवर असेल तर राउटर शॅकमधून (रेडिओच्या खोलीतून) उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

कॅटची, म्हणजे रिग आणि संगणक यांच्यातली, जोड अशाच आरएफने गळते आणि तिचा परिणाम जास्त वाईट. रिग ७ मेगाहर्ट्झवर, प्रोग्राम अजून १४ वर, आणि नोंदी शांतपणे २० मीटरला पडत राहतात. रिगवरची आणि पडद्यावरची फ्रिक्वेन्सी जुळते का हे पाळी घेणाऱ्याने आधी बघायचं. कॅट परत येत नसेल तर नोंदीच्या खिडकीत किलोहर्ट्झमध्ये आकडा टाका, ७१५०, आणि एंटर. बँड बदलतो आणि काम सुरू राहतं.

लाइट गेली

जुलै आहे, जाणारच. लॅपटॉपला बॅटरी असते, पण फायबरचा डबा आणि राउटर बंद पडतात आणि परत उठायला काही मिनिटं घेतात. घरच्या इन्व्हर्टरवर असूनही राउटर रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या पाठीमागची कळ बघा. साध्या मोडमध्ये बदल होताना जो क्षण जातो तो राउटरला सोसत नाही, यूपीएस मोडला ठेवला की टिकतो. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. ८४ वॉट-तासांपैकी ६० वापरायचे ठरवले आणि दोन्ही डबे मिळून १५ वॉट घेत असतील तर चार तास. डब्यांवर १२ व्होल्ट लिहिलंय आणि चार्जरवर असलेली बॅटरी १३.८ देते, म्हणून मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर लावा.

विजा जवळ आल्या की कोॲक्स (अँटेनाची केबल) काढून बाहेर ठेवायची आणि स्टेशन बंद. तेव्हा तो बँड-मोड दुसऱ्या गावाला द्यायचा असतो, आणि इथेच एका बँड-मोडवर दोन सिग्नलचा नियमभंग होतो. सोपी पद्धत ठेवा. सोडणारा लिहितो, ‘४० फोन सोडलं १४२२’, घेणारा लिहितो, ‘४० फोन घेतलं १४२४’. वेळ यूटीसी. पहिला संदेश दिसल्याशिवाय दुसऱ्याने पीटीटी दाबायचा नाही. प्रोग्राममधलं अडवणूक करणारं सेटिंग असलं तरी ते जोड चालू असतानाच कामाचं, आणि नेमकी त्याच वेळी जोड नसते. घेणाऱ्या गावाने आधी पूर्ण रीसिंक करून त्या बँडचे जुने क्यूएसओ आपल्याकडे आले का हे बघावं. न आल्यास डुप घेत जा, वाद घालू नका. डुपला दंड नाही, लॉगमधून काढायचेही नाहीत. समोरच्याच्या लॉगमध्ये पहिला क्यूएसओ नसेल तर दुसराच दोघांना तारतो.

संपल्यावर जुळणी

रविवारी साडेपाचला कोणीही प्रोग्राम बंद करू नका. सगळे जोडलेले असताना मास्टरवरून सुरुवातीपासूनचं रीसिंक एकदा करा. मग मोजा. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या संगणकाच्या नावाने किती नोंदी आहेत, आणि मास्टरच्या लॉगमध्ये त्याच नावाने किती. नाशिककडे ४१२ आणि पुण्याच्या लॉगमध्ये नाशिकच्या ४१२, असे चारही आकडे जुळले की जुळणीचं काम संपलं. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका. एकाकडे पाच कमी आणि दुसऱ्याचे पाच दुप्पट असले तरी बेरीज जुळते.

आकडा जुळला नाही आणि रीसिंकनेही जुळला नाही, तर मास्टरच्या फाइलची प्रत काढा आणि नेटवर्किंग बंद करून प्रतीवरच काम करा. त्या प्रतीतून नाशिकच्या नावाच्या सगळ्या नोंदी काढून टाका, फक्त हरवलेल्या किंवा जास्तीच्या नाही. मग नाशिकच्या संगणकावरून फक्त नाशिकच्या नावाच्या नोंदींचं एडीआयएफ घ्या आणि ते आयात करा. एक-एक शोधून जोडण्यापेक्षा हे वेगाने होतं. शिवाय दुरुस्त्याही सोबत येतात, कारण जोड नसताना नाशिकने एखादं चुकलेलं कॉलसाइन सुधारलं असेल तर ती सुधारणा मास्टरपर्यंत पोचलेली नसते. म्हणून स्पर्धेत नियम ठेवा, ज्याने नोंद केली त्यानेच ती सुधारायची. दुसऱ्याला शंका आली तर ग्रुपवर लिहायचं.

आयातीनंतर पुन्हा मोजा, स्कोअर नव्याने काढा, आणि कॅब्रिलो फाइल (स्पर्धेला पाठवायचा लॉग) साध्या नोटपॅडमध्ये उघडून तीन गोष्टी बघा: पहिली नोंद १२०० च्या आधीची नाही ना, शेवटची दुसऱ्या दिवशीच्या ११५९ नंतरची नाही ना, आणि पाठवलेल्या एक्स्चेंजच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एआरएसआयच आहे ना. मधे कुठे ४१ दिसला तर तो कोणत्या संगणकाचा हे प्रोग्राममधल्या त्याच नोंदीच्या नावावरून कळेल, आणि त्या ऑपरेटरला विचारा की हवेत नेमकं काय पाठवलं होतं. लॉगमध्ये तेच लिहायचं. चारही मूळ डेटाबेस फाइल निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.